अष्टमीचं गाव

हिरूताई, गेलीस तीसुद्धा अष्टमीला!

तुझ्या सुनेचा, संगीताचा फोन आला तेव्हा रडायच्या आधी मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सवयच लावून ठेवलीस ना. वद्य अष्टमी. म्हणजे भांगाचे दिवस. खाडीला जोर नाही, भरती आली तरी पाणी काठाच्या खालीच घुटमळणार, तुमची गल्ली ठणठणीत कोरडी. तुला पोहोचवायला अख्खा डोंबिवली बाजार लोटला होता, कल्याणहून नातलग आलेले, आमच्या संस्थेची सगळी मंडळी आलेली, आणि एकाही माणसाचा पाय भिजला नाही. जातानासुद्धा पाहुण्यांची सोय बघितलीस. फोन हातात धरूनच मला हे सगळं दिसलं आणि मी खरंच हसले गं. आणि मग जी रडायला लागले ती शेजारच्या वहिनी दार वाजवायला आल्या तरी थांबेना.

संस्थेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितलाय. 'हिराबाईंचा जीवनपट आणि कार्य, दोन पानांत.' तुझं कार्य आणि दोन पानांत! तुझी नुसती भांडणं लिहायची म्हटली तरी वही पुरायची नाही. जीवनपट दुसरं कुणी लिहील. मला तुझ्याशी एक जुनं भांडण मिटवायचंय. अकरा वर्षं झाली, तू दरवेळी चहाचा कप पुढे करून विषय बदललास. आज चहा नाही, तूही नाहीस. आता ऐकावंच लागेल.

दिल्लीचे साहेब आले होते त्या दिवशी गावात पाणी भरणार हे तुला पक्कं ठाऊक होतं. मग मला का नाही सांगितलंस?

थांब. पहिल्यापासून सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटायचं ही बाई मेलेल्या माणसाशी भांडते म्हणजे हिचं डोकं फिरलंय.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते ते दिवस. पावसाळ्यात मोठा पूर आला, वरून पाऊस आणि खालून खाडी, आणि डोंबिवलीच्या टोकाचा तुमचा कोळीवाडा दोन दिवस पाण्यात होता. आम्ही ठाण्यातल्या खोपटच्या ऑफिसातून टेम्पो भरून चादरी, तांदूळ, बादल्या घेऊन आलो. मी नवी कोरी कार्यक्रम अधिकारी, हातात यादी, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला घेतली होती देव जाणे. नाव पुकारलं की बाईनं पुढं यायचं, अंगठा द्यायचा, चादर घ्यायची. तुझं नाव आलं. तू पुढं आलीस, चादर घेतलीस, उलगडून बघितलीस, नीट घडी घातलीस आणि परत माझ्या हातात दिलीस.

"बाय, ही घेऊन मी काय करू? माजं जालं गेलंय. चादरीनं मासं पकडू?"

मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. मी तापले. म्हटलं, "यादीत जाळं नाही." तू म्हणालीस, "मग यादी कोनी केली? त्याला बोलव."

यादी मीच केलेली! पण पुढच्या महिन्यात मुख्य कार्यालयाशी भांडून मी जाळ्यांचं सूत आणलं, शिशाच्या गोळ्या आणल्या, आणि तुझ्या नवऱ्यानं अंगणात बसून आठ दिवसांत पाग विणला, हातानं फेकायचं जाळं. तो पाग पहिल्यांदा टाकून आणलेली कोळंबी तू आमच्या ऑफिसात घेऊन आलीस. चिंचोळा जिना, खाली टायरचं दुकान, समोर एसटी डेपोचा कलकलाट, आणि तू पाटी घेऊन दारात. टायपिस्ट पेडणेकर मालवणी, त्याचे डोळेच चमकले. मी कोकणस्थ, मी नाकाला पदर लावला. "आता आमच्यात आयलीस, नाक उघडं ठेव," म्हणालीस. हुकूमच.

तेव्हापासून मी तुझी 'बाय' आणि तू माझी हिरूताई. तू माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, चौथी नापास. मी समाजकार्यातली एम.ए. आपल्यात कोण कुणाला शिकवतंय हे माझ्या साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता सगळीकडे मोठमोठे शब्द आलेत गं. परवा एका चर्चासत्रात गेलेले, तिथं दिवसभर 'हवामान', 'आपत्तीशी जुळवून घेणं', 'शाश्वत उपजीविका' असं चाललेलं. मी डबा खाताना विचार करत होते, हे सगळं हिरूताई एका वाक्यात सांगायची: "पानी येनार, ते काय आपल्याला इचारून येनार नाय. आपुन पोटाचं बघून ठेवायचं." आणि पोट म्हणजे तुमचा सुका जवळा. मार्च ते मे जवळा वाळवायचा, पोत्यात भरून ठेवायचा आणि पावसाचे चार महिने, होडी बंद असते तेव्हा, तो विकून घर चालवायचं. तू तर डोंबिवली सोडून थेट विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर बसायचीस, उल्हासनगरच्या सिंधी बायकांना त्यांच्याच हिंदीत दम देत.

पहिल्या वर्षीच माझी फजिती झाली. मी महिला समितीची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ठेवली. एका महिन्यात तीस बायका आल्या, पुढच्या महिन्यात दोन, त्यातली एक झोपलेली. मी अहवालात लिहिलं, 'महिलांचा सहभाग अनियमित.' आणि मूर्खासारखं ते तुला वाचूनही दाखवलं. तू तोंडाला पदर लावून हसत होतीस.

"बाय, शनिवार काय खाडीला कलतो? अमावस-पुनवेला उधान, तवा मासं. तवा आमी बसू का तुज्यासमोर? अष्टमीला ये. भांग असतो. जालं घरात, बाई घरात."

मग आमचं खोपटचं ऑफिस तिथीवर चालायला लागलं. मुंबईच्या मुख्य कार्यालयाला पत्र जायचं, 'पुढील बैठक वद्य अष्टमीस.' तिथून फोन यायचा, 'म्हणजे किती तारीख?' पेडणेकर चिडायचा, म्हणायचा, मॅडम, आता हळदीकुंकवाचं आमंत्रणही टाइप करू का? पण बायका चाळीस-चाळीस यायला लागल्या. मी खूश. तीन वर्षं मी अष्टमीला आले, अष्टमीला गेले. कोरडी गल्ली, सारवलेली अंगणं, दारात रांगोळी. मला वाटायचं, काय सुरेख गाव आहे!

त्या तीन वर्षांत तू एकच गोष्ट मागितलीस. जवळा वाळवायला आणि साठवायला एक मोठा पक्का ओटा, वर छप्पर, मागं खोली. आणि ओटा उंच हवा, छातीइतका. मी विचारलं, एवढा उंच कशाला? तू म्हणालीस, "उंच बरा दिसतो." मी म्हटलं, मला कारण लिहावं लागतं. तू म्हणालीस, "पायजे म्हनून पायजे, लिव." हे काय कारण झालं? जवळा भिजून वास मारतो, माल अर्ध्या किमतीला जातो, हे बायका सांगायच्या, पण का भिजतो म्हटलं की सगळ्या छपराकडे बोट दाखवायच्या. मी लिहिलं, 'छपरे गळतात. पाणी केवळ मोठ्या पुरात शिरते, नित्याचा प्रश्न नाही.' माझी सही, माझा शिक्का.

त्याच वाक्यावर सगळं अडलं. दिल्लीच्या ज्या मोठ्या संस्थेकडून निधी यायचा त्यांनी कळवलं: पूर येऊन तीन वर्षं झाली, पाण्याचा प्रश्न नाही, तर उंच ओट्याची गरज दिसत नाही. त्याऐवजी बायकांना शिवण शिकवा, मासेमारीतून बाहेर काढा. नमुन्याची चार शिवणयंत्रं पाठवलीसुद्धा. तू त्यातल्या एकावर ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्यास, जवळा भरायला! बाकी तिन्ही यंत्रांवर कोंबड्या बसायच्या. मग पत्र आलं की माथूर साहेब स्वतः येऊन बघतील. ते सांगतील तसं होईल. ओटा किंवा शिवणवर्ग. ओटा गेला तर पुढचे पावसाळे तुमच्या चाळीस घरांनी भिजक्या मालावर काढायचे, हे आपल्या दोघींनाही स्वच्छ दिसत होतं.

तारीख दिल्लीहून ठरून आली. सोमवार. मी इतकी हरखले की तिथी बघितलीच नाही. तीन वर्षं तिथी-तिथी करणारी मी, नेमकी त्या दिवशी ऑफिसची इंग्रजी डायरी बघून विठ्ठलवाडीला तुझ्याकडे धावत आले. तू गिऱ्हाईक करत होतीस. मी तारीख सांगितली. तू बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलंस. मग माझ्याकडे बघितलंस. पाटीवरचं फडकं सारखं केलंस. मग म्हणालीस, "येऊ दे."

"चहाचं बघशील ना?"

"बघतंय."

बस. एवढंच. तिथंच सांगायला काय झालं होतं गं?

सोमवारी अकरा वाजता जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. माथूर साहेब उतरले, पांढरेशुभ्र कपडे, चकचकीत बूट, शाकाहारी नाक. मागून मी, त्यामागं कॅमेरा घेऊन पेडणेकर. आणि गल्लीत चिटपाखरू नाही! चाळीस बायका स्वागताला असतील म्हणून मी गाडीत फुशारक्या मारलेल्या. दारं लोटलेली, रांगोळी नाही, सतरंजी नाही. तू एकटी उभी, हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा.

मग मी तुला बोलले. सगळ्यांसमोर बोलले. "एवढंसुद्धा जमलं नाही तुला? तीन वर्षं मी तुमच्यासाठी मरतेय आणि एक दिवस बायका बसवता येत नाहीत? यायचंच नव्हतं तर ओटा मागितलात कशाला?" खिडक्यांच्या फटींतून सगळी गल्ली ऐकत होती. साहेब बुटांकडे बघत उभे. तू एक शब्द उलट बोलली नाहीस. तू! ज्या बाईनं मार्केटमधल्या दादाला पाटीतला बोंबील फेकून मारलेला! तू म्हणालीस, "सायबांना घरात ने, बाय. ऊन हाय."

आम्ही तुझ्या घरात बसलो. साहेब खाटेवर. खाट चार-चार विटांवर चढवलेली, म्हणून त्यांचे पाय लोंबकळत. सव्वा तास मी घाम पुसत आकडे सांगत होते. आणि साडेबाराच्या सुमाराला काहीतरी गार माझ्या पायाला लागलं.

आधी मोरीतून आलं. मग उंबऱ्यावरून. आवाज नाही, लाट नाही, नुसतं घरचं माणूस येतं तसं आत आलं आणि पसरलं. मी किंचाळले. तू शांतपणे म्हणालीस, "पाय वर घे." तेवढ्यात गल्लीत गडबड उडाली, सगळी दारं उघडली, आणि तुझ्या बायका, ज्या स्वागताला आल्या नाहीत म्हणून मी ओरडले होते, त्या कमरेला पदर खोचून कामाला लागलेल्या दिसल्या. म्हणजे सकाळपासून कामालाच होत्या. पोती माळ्यावर, भांडी आढ्याच्या हुकांना, पिठाचा डबा फळीवर, कोंबड्या टोपलीत आणि टोपली खुंटीला. एकजण हातानं देत होती, दुसरी वरून घेत होती. तरी सगळी पोती माळ्यावर मावेनात. खालच्या थरातली तीन भिजली, आमच्या डोळ्यांदेखत.

तीन वर्षं मी त्या घरात चहा पीत होते, हिरूताई. विटांवरची खाट मी बघितलेली, मला वाटायचं खाली सामान ठेवायला. वर टांगलेले हुक बघितलेले, वाटायचं पाळण्याचे असतील. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला ओलीची पिवळी रेघ होती, मी समजले रंग हलका लावलाय. सगळं समोर होतं.

बाहेर गल्लीत गुडघाभर पाणी. साहेबांना जायची सोय नाही. तीन तास ते त्या खाटेवर मांडी घालून बसले, बूट मांडीवर. आणि तू चुलीवरून, ती चूलही दगडी कट्ट्यावर, त्यांना जेवायला वाढलंस. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. मासळीचा कण नाही. माणूस तीन भाकऱ्या जेवला.

जेवता जेवता त्यांनी विचारलं, "ये पानी कितनी बार आता है?"

"महिने में दो टाइम," तू म्हणालीस. "अमावस को, पूनम को. तीन-तीन दिन. बारिश में ज्यादा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मैडम, आपकी रिपोर्ट में तो कुछ और लिखा है."

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धरणी पाण्याखाली होती म्हणून वाचले. आणि तेव्हा तू मध्ये पडलीस. दोन तासांपूर्वी मी जिचा पाणउतारा केला ती तू. "बाय का कसूर नहीं सायब. हमने बताया नहीं. शरम की बात है ना. जिसके घर में पानी आता, उसके घर में कौन लडकी देगा? मेहमान को हम अष्टमी को बुलाते. ये भी हमारी मेहमान."

तेव्हा मला कळलं. सोयरीक जुळवायला आलेली माणसं, सरकारी माणसं, लांबचे नातलग, सगळ्यांना तुमचं गाव अष्टमीला बोलवायचं. अष्टमीला बायका मोकळ्या असतात हे खरंच होतं, पण गल्ली कोरडी असते हे त्याहून खरं होतं. अख्ख्या गावाचा हा ठराव होता, कुणी न लिहिलेला. आणि मी त्या ठरावातली पाहुणी. पाहुणीच!

साडेतीनला पाणी उतरलं. साहेब जाताना तुला हात जोडून म्हणाले, "ओटा कितना ऊँचा चाहिए?" तू छातीवर हात ठेवून दाखवलंस. मग जरा विचार करून हात आणखी वर नेलास.

जीप गेली आणि मी पुन्हा तुझ्यावर घसरले. "तुला माहीत होतं! सांगितलं का नाहीस? माझं तोंड बघण्यासारखं झालं!" तू म्हणालीस, "मी अडानी बाई, मना काय ठावं." आणि चहाचा कप पुढं केलास. अडाणी म्हणे! वाल भिजवून, मोड आणून, सोलायला दोन दिवस लागतात गं. मला साध्या भाजीत गम्य नाही म्हणून हे कळायला दोन वर्षं लागली. तुला फक्त चहाचं सांगितलं होतं. मग साहेब जेवणाच्या वेळेला अडकणार हे शनिवारीच ठाऊक असल्याशिवाय वाल भिजतात होय? मी हे तुला तोंडावर विचारलं तर म्हणालीस, "वाल काय, घरात असतातच."

पेडणेकरनं त्या दिवशी एक फोटो काढला होता. तू दारात, गुडघाभर पाण्यात, हातात चहाची किटली, गजरा जागच्या जागी. इतका सुंदर फोटो! मी तो ठाण्याच्या एका साप्ताहिकाला दिला. त्यांनी पहिल्या पानावर छापला, खाली तुझं नाव, गावाचं नाव, 'दर अमावास्येला घरात पाणी.' मी अंक घेऊन नाचत तुझ्याकडे आले. तू फोटो निरखलास आणि विचारलंस, "पदर नीट हाय ना?" आणि अंक घडी करून ट्रंकेत ठेवलास. मला वाटलं, जपून ठेवलास.

ओटा मंजूर झाला. इंजिनिअर आला तेव्हा तू त्याला भिंतीवरची रेघ दाखवून, "ह्याच्या दोन हात वर," असं सांगितलंस, आणि तो नकाशा दाखवायला लागला तेव्हा त्याला म्हणालीस की अमावास्येला इथं झोपायला ये, मग बोलू. त्यानं नकाशात ओट्याची उंची वाढवली. नवरात्रात तू मला टेंभी नाक्याच्या देवीला घेऊन गेलीस, नवस फेडायला. नवस केव्हा बोललीस तेही मला सांगितलं नव्हतंस. रांगेतल्या प्रत्येकाला थांबवून, "ही आमची बाय. हिनं ओटा केला," असं सांगत होतीस आणि त्या भरात चाळीस माणसांच्या पुढं घुसलीस. मला इतकं लाजल्यासारखं झालं आणि इतकं बरं वाटलं, की मी देवीपाशी काय मागायचं तेच विसरले.

त्या ओट्यावर दहा वर्षं जवळा सुकला. एकदाही भिजला नाही. लग्नं लागली, साखरपुडे झाले, तुझ्या प्रभाकरचं लग्नही तिथंच. मी मांडवात मिरवत होते. त्याची आधी एक सोयरीक मोडली होती, भिवंडीकडची मुलगी, सगळं ठरत आलेलं. मी विचारलं होतं तेव्हा, काय झालं? तू म्हणालीस, "पत्रिका नाय जुलली." मी चिडवलं, तुम्ही कधीपासून पत्रिका बघायला लागलात? तू हसलीस. मीही हसले.

परवा तुझ्या दहाव्याला आले होते. सगळं आटोपल्यावर ओट्याच्या पायरीवर संगीता माझ्याजवळ बसली. तुझी सून तुझ्याच वळणाची, आधी चहा दिला, मग बोलली.

"ताई, आय तुम्हाला कधी बोलल्या नाहीत ना? भिवंडीच्या त्या मुलीचं?"

म्हटलं, पत्रिका जुळली नाही ना?

"कसली पत्रिका! पेपरातला फोटो तिच्या मामानं बघितला. पाण्यात पोर देणार नाही म्हणाले. ठरलेलं मोडलं. यांनी दोन महिने आयशी बोलणं टाकलेलं. गल्लीतल्या बाया तर साहेब यायच्या सकाळीच भांडून गेलेल्या, आमच्या पोरांची लग्नं मोडायला निघालीस म्हणून. आय म्हणाल्या, चार लग्नं उशिरा होतील, पण जवळा भिजला तर चाळीस घरं बसतील."

मी कप पायरीवर ठेवला. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? निदान आधी?

संगीता हसली. "मीपण विचारलं होतं. आय म्हणाल्या, पाहुण्याला अष्टमीला आणायचं हे तिला मीच शिकवलं, बायला सांगितलं असतं तर तिनं साहेबाला अष्टमीला आणलं असतं. एवढी शिकलेली आहे, पण माझं सगळं ऐकते."

मग तिनं तिच्या लग्नाची गोष्ट सांगितली. तिचं माहेर मुंब्र्याच्या खाडीकाठचं. तिच्या वडलांना तू मुद्दाम अमावास्येला बोलावलंस, भर भरतीच्या वेळेला! ते धोतर वर धरून तुझ्या घरात उभे राहिले आणि म्हणाले, आमच्याकडं याच्यापेक्षा जास्त येतं. तिथंच सुपारी फुटली. संगीता सांगताना हसत होती, मीही हसत होते, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता गावात सगळेच सोयऱ्यांना उधाणाला बोलावतात म्हणे. आधी पाणी बघा, मग पोरगा बघा. पहिली सुरुवात तू केलीस.

हिरूताई, गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये तुझ्या उशाशी बसले होते. साखर वाढलेली, पायाला पट्टी, तरी तू नर्सबाईला कोळंबी कशी सोलायची ते शिकवत होतीस. माझ्या जिभेवर आलं होतं तेव्हा, की त्या दिवशी मी सगळ्यांसमोर फार बोलले. म्हटलं, बरी होऊन घरी आलीस की बोलू. तू बरी होणारच होतीस. तू काय अशी जाणारी बाई होतीस का?

मला वाटत होतं माझं तुझ्याशी भांडण आहे. अकरा वर्षं मी रुसलेली, की माझी फजिती केलीस. मी गल्लीत ओरडले ते तू ऐकून घेतलंस. मी लिहिलेलं खोटं तू स्वतःच्या अंगावर घेतलंस. मी तो फोटो छापला आणि तुझ्या पोराचं लग्न मोडलं, ते तू पत्रिकेवर ढकललंस, आणि लगेच देवीच्या रांगेत मला घेऊन गेलीस, 'ही आमची बाय' म्हणून सांगायला. कशाकशाची माफी मागायची गं मी?

ही स्मरणिका तुझ्या गल्लीत घरोघर जाणार आहे. संगीता मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, ओट्यावर, सगळ्या बायकांना. म्हणून मी इथंच लिहिते, सगळ्यांसमोर: हिरूताई, चुकले गं मी. त्या दिवशी गल्लीत चुकले, फोटो दिला तेव्हा चुकले, आणि हॉस्पिटलमध्ये गप्प बसले तेव्हा सगळ्यात जास्त चुकले.

आता बोल तुला काय बोलायचं ते. मी उलट उत्तर देणार नाही. म्हणजे, प्रयत्न करीन.